सातवं जायफळ

झाडांना वाचा होती त्या काळी कोकणातल्या एका परसात सात जायफळं होती, बारमाही हिरवीगार. सहा झाडं फळांनी लगडत. सातव्याला नुसतीच फुलं.

“फुकटखाऊ मेला!” कुऱ्हाड फणफणायची. शेवटी तिने धन्याचे कान भरले आणि सातव्याला आडवं केलं. बुंध्यातून लालभडक रस वाहिला. त्याच लाकडाचा दांडा धन्याने कुऱ्हाडीला बसवला.

पुढल्या वर्षी सहाही झाडं फुलली, पण एक फळ धरेना. माडांच्या झावळ्या वाऱ्याने सळसळत होत्या, यांचं मात्र पानही हलत नव्हतं.

“बायांनो, फळं कुठं गेली?” कुऱ्हाडीने विचारलं.

“आमचा नवरा कुठं गेला?”

कुऱ्हाड चरकली. तिच्या दांड्याला लाल ओल फुटली, आणि आतून आवाज आला, “इथंच आहे गं मी.”