पिसांची वजावट

त्या राज्यात प्रत्येकाच्या कमाईवर राजवाड्याचा हक्क होता. दहा उंबरं मिळाली, की त्यातली चार राजवाड्याची. कामात जे झिजेल त्यापुरती सूट होती. पण झीज सिद्ध करावी लागे, आणि ती कशी करायची हे पाखरांना ठाऊक नव्हतं.

कोरी नावाची सुतारपक्षीण रानोरान फिरून इतरांसाठी ढोल्या कोरून देई. तिला कुणी मालक नव्हता. पण चार उंबरं देताना दरवेळी तिचा जीव तुटे. म्हणून एकदा ती धनेशाच्या ढोलीत गेली. धनेश स्वतः काही कोरत नसे. तो कोरणाऱ्यांची कमाई ताब्यात घेई, राजवाड्याशी बोलणी करी आणि उरेल ते त्यांना देई.

"काळजी सोडा, कोरीताई," तो म्हणाला. "आजपासून तुम्ही आमच्या घरच्या. कामावर गळलेली पिसं टाकू नका, इथं आणा. पिसामागे एक उंबर सुटतं. मी आपलं दहात एकच घेतो."

पहिल्याच खेपेला दोन पिसं लागू पडली आणि कोरीच्या पदरात सात उंबरं आली. ती हरखली.

पुढच्या हंगामात राजवाड्याने फर्मान काढलं : गळकं पीस चालणार नाही, ताजं हवं.

"नियम त्यांचा," धनेश हळहळला. "मी फक्त मांडतो."

पहिलं पीस उपटताना कोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर येईनासं झालं. लांबची कामं झेपेनात, म्हणून ती जवळची घेऊ लागली. जवळच्या कामाला उंबरं कमी, म्हणून पिसं जास्त. शेवटी ती धनेशाच्याच झाडावर चढत-उतरत कोरू लागली. धनेशाचा वाटा मात्र एकदाही चुकला नाही.

एका सकाळी नदीपलीकडून पोपट आला. "आमच्याकडे तीस ढोल्या कोरायच्यात. तुम्ही थेट या. मधे कुणी नको."

कोरी लगबगीने ढोलीत शिरली. तिने धनेशाला सांगितलं, "मी निघते."

"अवश्य निघा. इथं कुणी बांधून का ठेवलंय?" असं म्हणून धनेश अदबीने दारातून बाजूला झाला.

पोपट उडाला आणि नदीवरून हाका मारू लागला. कोरी ढोलीच्या तोंडाशी आली. तिने दोन्ही पंख पुरते पसरले. सकाळचं ऊन त्या पंखांतून आरपार आलं आणि तिच्या मागे ढोलीभर पसरलं.