बुडालेली घंटा आणि हौसाची गाठ

डोंगरांच्या ओंजळीत एक तळं होतं आणि तळ्याच्या मधोमध एक बेट. त्या बेटावर फार पूर्वी मासेमारी करणाऱ्यांचं एक गाव नांदत होतं. पावसाळा सरला की तळ्यावर असं दाट धुकं उतरायचं की आपलाच हात आपल्याला दिसू नये. घाटासमोर पाण्यात काळे खडक होते. होड्या त्यांच्यावर आपटू नयेत म्हणून धुक्यात घाटावरची मोठी घंटा वाजवायची. त्या आवाजाच्या रोखाने होड्या सुखरूप घरी यायच्या.

एका पावसाळ्याच्या शेवटी मोठं वादळ झालं. घाटाची कड खचली आणि घंटा धाडकन पाण्यात गेली. पाणी तिथे आठ पुरुष, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. सगळ्या गावाने मिळून ओढलं, तर दोरच तुटले.

तेव्हा हौसा पुढे झाली. तिच्याइतकी खोल बुडी मारणारं त्या तळ्यात कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आपल्याने ओढवत नाही ना? मग हवेलाच उचलू दे!" ती म्हणाली. "येसबा, मला मोठ्या पखाली शिवून द्या."

म्हाताऱ्या येसबाने कातड्याच्या दणकट पखाली शिवल्या. हौसाने त्या रिकाम्याच खाली नेऊन घंटेला बांधल्या. मग हंडे पालथे धरून, त्यांना दगड बांधून, दोराने खाली सोडायचे. हौसा बुडी मारायची, हंडा पखालीच्या तोंडाखाली कलता करायची, आणि आतली हवा बुडबुडत पखालीत चढायची. पण वरून निघताना हवेने भरलेल्या हंड्यात खाली पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त पाणी शिरलेलं असायचं. पाणी हवेला दाबून दाबून एवढीशी करून टाकायचं. किती खेपा केल्या तेव्हा पखाली टम्म झाल्या! इतक्या कष्टाची हवा वाया जाऊ नये म्हणून हौसाने प्रत्येक पखालीचं तोंड करकचून बांधलं.

वरून दोराला हिसका बसला आणि घंटा गाळातून सुटली.

"आली! आली!" घाटावर एकच गलका झाला. पाण्यात काळी सावली दिसू लागली, मोठी होऊ लागली... आणि फाट्! एक पखाल फुटली. मग दुसरी. मग सगळ्याच. घंटा पुन्हा तळाला गेली.

हौसा धापा टाकत वर आली. "शिवण कच्ची होती, येसबा!" ती सगळ्यांदेखत ओरडली.

खाली मान घालून येसबा नव्या पखाली शिवायला बसला. या वेळी दुहेरी टाके घातले.

दुसऱ्या दिवशी फाटक्या पखाली सोडवायला हौसा तळाशी गेली. निघताना तिने तोंडातून थोडी हवा सोडली आणि सहज वर पाहिलं. बोराएवढा एक बुडबुडा निघाला. वर जाता जाता तो फुगत गेला, फुगत गेला, आणि पार लिंबाएवढा झाला! त्यात तर वाटेत कोणी हवा भरली नव्हती.

हौसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाली पाण्याचा भार मोठा, म्हणून हवा आक्रसते. वर यावं तसा भार कमी होतो आणि तीच हवा पसरते. तळाशीच टम्म भरलेल्या पखालीचं तोंड बांधलं, तर वर येताना त्या हवेने जावं कुठे?

तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग येसबाचा चेहरा आठवला. गप्प राहून नुसती गाठ सैल सोडली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं.

ती ओल्या अंगानेच घाटावर गेली. सगळा गाव तिथेच होता.

"येसबा, तुमची शिवण पक्की होती," ती मोठ्याने म्हणाली. "चुकली ती माझी गाठ. काल मी उगाच तुम्हाला बोलले."

येसबाने सुई थांबवली. "मला वाटलंच होतं, पोरी. पहाटेच्या गारव्यात फुगवून बांधलेली पखाल दुपारच्या उन्हात दगडासारखी टणक होते. हवा काही एका मापात राहत नाही. पण तू एवढी रागात होतीस, मी काय बोलणार?"

पखाली तयार झाल्या, पुन्हा खेपा सुरू झाल्या. काम संपत आलं, त्याच दुपारी डोंगरावरून धुकं उतरलं. होड्या अजून तळ्यात होत्या. हौसाची धाकटी बहीण गोजराही त्यांतच होती.

"घाई कर!" गावचा पाटील ओरडला. "आणि या वेळी तोंडं घट्ट बांध, एवढीशी हवासुद्धा जाता कामा नये!"

"नाही पाटील. तोंडं खालच्या बाजूला उघडीच राहतील."

हौसाने शेवटचा हंडा कलता केला. दोराला हिसका बसला. घंटा निघाली! पखालींच्या तोंडांतून बुडबुड्यांचे लोटच्या लोट उसळले.

"हवा चालली! सगळी चालली! कोणीतरी जाऊन बांधा!" पाटील धोतर खोचून पाण्यात उतरायला निघाला. येसबाने त्याचा हात धरला. "थांबा. जास्तीची आहे तेवढीच जातेय."

आणि खरंच, पखाली शेवटपर्यंत टम्म राहिल्या, पण एकही फुटली नाही. पाणी फाकलं आणि घंटेचा माथा वर आला! माणसांनी दोर ओढले, बायकांनी घंटेखाली ओंडके सरकवले, घंटा घाटावरच्या लाकडी चौकटीला चढली आणि हौसाने दोन्ही हातांनी टोल हाणला.

घण्ण! घण्ण! घण्ण!

बराच वेळ समोर नुसतं पांढरं धुकं. मग त्यातून एक हाक आली, "वाजवत राहा! आम्ही येतोय!" तो आवाज गोजराचा होता. एकामागून एक होड्या खडक चुकवत घाटाला लागल्या. एकही मागे राहिली नाही. गोजराने उडी मारली ती थेट बहिणीच्या गळ्यात.

त्या रात्री गावात मोठं जेवण झालं. पहिलं पान हौसाने येसबाला वाढलं.

मुलांनो, तात्पर्य एवढंच: वर चढताना जो तो फुगतोच, जास्तीचं सोडून द्यायला जो वाट मोकळी ठेवतो, तो न फुटता वर पोचतो.