सुनेच्या बांगड्या

एका गावात एक तांबट होता. सकाळी त्याने हातोडा उचलला की दिवस कलेपर्यंत ओटीवर ठणठण चाले. लोक म्हणत, "तांबटाकडे पाहुणा टिकत नाही, आवाजानेच पळतो." पण सुनेला पळता येत नाही, आणि त्या घरात नुकतीच एक सून आली होती.

नव्या सुनेने मान खाली घालून हळू बोलावं, अशी तिथली रीत. सून मुळातच कमी बोलणारी, तिला रीत सोपी गेली. शाबासकी मात्र मिळाली नाही.

"काय पुटपुटतेस? तोंडात गूळ धरलायस का?" सासरा खेकसे. ती पाणी घेऊन मागून आली की दचकून म्हणे, "मांजरासारखी येतेस!"

कोपरापर्यंत हिरवा चुडा घातलेलं मांजर सुनेने तरी पाहिलं नव्हतं. त्या बांगड्यांवरून सासूला घरात बसून कळे, की सूनबाई विहिरीवर आहे की चुलीपाशी.

म्हणून सून लक्ष ठेवू लागली. मामंजींना पुरुषांचं बोलणं कळे, बायकापोरांचं कळत नसे. चारचौघांत विनोद झाला की ते सगळ्यांच्या मागून हसत. आणि भर दुपारी विचारत, "हे रातकिडे कुठे ओरडतायत?"

पण तिला खरी काळजी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. तांबटाचं शेंडेफळ, पाच वर्षांची ठकू, तीही अगदी तशीच दचके. समोरून बोलावलं तर धावत येई, पाठीमागून हाक मारली तर हलत नसे. कीर्तनात बुवांच्या पायाशी बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावी. तिच्या बरोबरीची पोरं गोष्टी सांगत, ठकू मात्र अर्धे शब्द गिळून बोले. मागच्या पावसाळ्यात तिचा कान वाहत होता, तेव्हापासूनचं हे. घरात त्याला एकच नाव होतं, हट्ट.

सुनेने सासूजवळ विषय काढला.

"शू!" सासू म्हणाली. "पोरीला तो शब्द एकदा चिकटला की निघत नाही. पुढे कोण करील तिला? मी घालतेय ना कोमट तेल कानात."

मग धीर करून तिने सासऱ्यालाच विचारलं, "मामंजी, ठकूवन्सांना वैद्यांकडे दाखवू या का?"

"हो हो, वाढ," मामंजी म्हणाले आणि पाटावर जाऊन बसले.

सुनेने पान वाढलं, पण पेच काही सुटेना. स्पष्ट बोलावं, तर सासऱ्याला बहिरा म्हणणारी सून म्हणून गावभर नाव होणार. न बोलावं, तर ठकूचे उरलेसुरले शब्दही जाणार.

एके दिवशी तांबटाने ओटीवरून हाक मारली, "ठके, सांडशी दे." ठकू पाठमोरी खेळत होती. त्याने पुन्हा हाक मारली, पुन्हा ओरडला. मग उठलाच.

"माज आलाय कार्टीला!"

त्याने हात उगारला, तेव्हा कुठे ठकूने वळून पाहिलं. आपण काय केलं, हे तिला कळेना. सून धावत मध्ये आली. तिने मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "मारू नका. तिला ऐकू आलं नाही."

"माझी हाक वेशीपर्यंत जाते!"

"मग एक खेळ खेळू, मामंजी. तुम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसा. माझ्या बांगड्या वाजल्या की हात वर करायचा. मी हरले तर ठकूवन्सांचा मार मला द्या."

"सुनेचं खूळ!" तांबट हसला आणि बसला. ठकूला खुणेने सांगितलं, तीही शेजारी बसली.

सुनेने हात हलवला. सासू चुलीपासून उठून दारात आली. फळीवरच्या मांजराने कान टवकारले. भिंतीपाशी बसलेल्या दोघांचे हात मांडीवरच होते. सुनेने आणखी जोरात हात हलवला, इतका की एक बांगडी वाढली.

"अगं, वाजव की आता! किती वेळ बसायचं?" तांबट म्हणाला.

त्याने वळून पाहिलं. बायकोने तोंडाला पदर लावला होता. सुनेच्या पायाशी हिरव्या काचा पडल्या होत्या. तांबटाने काचांकडे पाहिलं, मग ठकूकडे. ती अजून भिंतीकडेच बघत होती, खेळ सुरू व्हायची वाट पाहत.

दुसऱ्याच दिवशी तो ठकूला खांद्यावर घेऊन वैद्याकडे गेला.

वैद्याने दोघांचे कान तपासले. "पोरीच्या कानात जुनं दुखणं आहे, औषधाने जाईल. वेळेवर आणलंत. तेल मात्र ओतू नका. तुमचा कान ठोक्यांनी झिजलाय, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळा. कान झाकून काम करा."

घरी आल्यावर तांबट सुनेला म्हणाला, "आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं, मामंजी. तुम्ही 'वाढ' म्हणालात."

त्या घरची रीत तेव्हापासून बदलली. सून समोर येऊन, मान वर करून बोलू लागली. पुढे एका सकाळी ती पाणी घेऊन मागून येत होती. ठकूने वळूनही पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला. "वहिनी, मला आधी!"

तात्पर्य: हाकेला ओ न देणाऱ्याला हट्टी म्हणण्याआधी त्याचे कान दाखवून आणावेत, आणि सगळं जग पुटपुटतंय असं वाटू लागलं, तर आधी आपले.