जांभळ्या खेकड्यांचा ओढा

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान टवकारून ऐकावी, कारण असल्या चुका मोठ्यांच्याच हातून होतात.

एका डोंगरावरून सात ओढे उतरत. प्रत्येक ओढ्याचे खेकडे वेगळे. कुठे शेंदरी, कुठे पिवळ्या पायांचे, कुठे मातकट. सातव्या ओढ्याचे मात्र पिकल्या जांभळाच्या रंगाचे. त्या ओढ्याकाठी एक वाडी होती आणि वाडीला दुसरं पाणी नव्हतं.

वाडीत ठकू नावाची बाई राही. बिळात हात घालून खेकडा काढावा तर तिनेच. वाडीचा एक रिवाज होता. खेकडा टोपलीत टाकण्याआधी उलटा करून बघायचा. मादी असली आणि पोटाखाली पिल्लं असली, तर तिला हात जोडून होती तिथे सोडायची.

एकदा राजाने जांभळा खेकडा चाखला आणि त्या चवीला असा चटावला, की रोज एक टोपली मुदपाकखान्यात आलीच पाहिजे म्हणाला. ठकूला लुगडी मिळाली, मान मिळाला. बाई शेफारली. एकेक खेकडा उलटत बसायला तिला आता वेळ कुठला?

"ठकू, उलटून बघतेस ना गं?" म्हातारी सासू विचारी.

"बघते हो, आत्याबाई," ठकू म्हणे आणि टोपलीचं झाकण घट्ट दाबून धरी. आतून बारीक खरखर ऐकू येई. तिकडे ती कानाडोळा करी.

एके दिवशी तिने बिळात हात घातला, तर बीळ रिकामं. दुसरं रिकामं. सगळा काठ पालथा घातला, हाताला नुसता गार चिखल लागला.

मग ओढ्याला काय झालं कोण जाणे. पाण्यात पडलेली पानं कुजेनात, कुणी मुद्दाम अंथरावीत तशी थरावर थर साचली. बिळं बुजली. बेडूक गप्प झाले. पाणी काळं पडलं. रांजण भरून ठेवला की आतून तीच बारीक खरखर येई. झाकण काढावं, तर आत काहीच नसे. वाडीतले लोक रांजणाकडे पाठ करून जेवायला बसू लागले.

ते पाणी पिऊन ठकूची रांगती लेक आजारी पडली. खेकडे परत आले तर पाणी निवळेल, असं ठकूला वाटलं. ती धावत खिंड ओलांडून शेजारच्या ओढ्यावर गेली, टोपलीभर पिवळ्या पायांचे खेकडे घेऊन आली आणि आपल्या ओढ्याकाठी सोडले.

एकही पाण्यात उतरला नाही. ओळीने उभे राहून, डोळे उंचावून, सगळे तिच्याकडे बघत राहिले. भर दुपारी ठकूच्या अंगावर काटा आला. मग त्यांतला सगळ्यांत थोराड खेकडा बोलला.

"हे घर आमचं नाही."

"राहा रे बाबांनो," ठकू रडकुंडीला आली. "हे पाणी निवळलं नाही तर माझी लेक जगायची नाही. निदान जांभळे कुठे मिळतील तेवढं तरी सांगा."

"समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं लाटांवर दूर जातात, नव्या काठाला लागतात. आमची आईच्या पोटाखाली वाढतात आणि आईच्याच ओढ्यात राहतात. जांभळे फक्त इथे होते. त्यांच्या आया तू टोपलीत भरून नेल्यास."

एवढं बोलून ते वळले. ती सगळी रांग ठकूच्या पायांवरून चालत खिंडीकडे निघून गेली.

वाडी उठली. लोकांनी भांडीकुंडी डोक्यावर घेतली आणि लांबच्या एका ओढ्यावर नवी घरं बांधली. तिथल्या पाण्याने लेक वाचली. जुना ओढा अजून आहे, पण त्याच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

लेक मोठी झाली, तेव्हा ठकूने तिला जांभळ्या खेकड्यांविषयी सांगितलं. त्यांचा रंग कसा, नांग्या कशा, ओल्या दगडावर ते कसे चमकत. लेक हसत सुटली.

"आई, तू पण ना. खेकडा कधी जांभळा असतो होय?"

ठकूकडे दाखवायला एक नांगीसुद्धा नव्हती.

तात्पर्य: ज्याचं घर जगात एकच आहे, तो जीव एकदा संपला की त्याला परत आणायला दुसरं ठिकाण नसतं.