गुणाजी, जाड आवाज आणि बारीक आवाज

एका गावात एक भोळा गुणाजी होता. भोळा आपलं तोंडावर म्हणायचं. पाठीमागे लोक काय म्हणत ते मी सांगत नाही. घरात आई आणि धाकटी बहीण इंदी. इंदी कामाला वाघीण, दिसायला देखणी, पण झोपली की घोरायची. कशी, तर गोठ्यातली म्हैस बुजायची. या घोरण्यापायी दोन स्थळं हातची गेली होती. आता तिसरं येणार होतं आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी शेळी रानात चुकली. आईला ती शोधता शोधता दुपार झाली. शेळी घेऊन घरी आल्यावर ती म्हणाली, गळ्यातलं घुंगरू बारीक वाजतं, लांबून ऐकूच येत नाही. जाड आवाज कसा डोंगरापलीकडनं येतो. जत्रेतली सनई आपल्या घरी पोचत नाही, ढोल पोचतो.

गुणाजीला पटलं. त्यानं घुंगरू काढलं आणि शेळीच्या गळ्यात ढोल बांधला. शेळी एक पाऊल चालली, ढोल वाजला. शेळी दचकून पळाली, ढोल आणखी वाजला. संध्याकाळी गुणाजी खुशीत घरी आला. शेळी कुठंय, आईनं विचारलं. दिसत नाही, पण तीन गावांत ऐकू येतेय, तो म्हणाला.

आईनं कपाळावर हात मारून घेतला. अरे, कुत्र्याला शिट्टी घातली असतीस तर त्यानं ती वळवून आणली असती. कुत्र्याचे कान तिखट, आपल्याला ऐकू येत नाही इतकी बारीक शिट्टीही त्याला ऐकू येते.

गुणाजीनं हे पक्कं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी आईनं त्याला भावकीला बोलावणं करायला धाडलं. तो दारोदार गेला. प्रत्येक उंबऱ्यापाशी त्यानं इतकी बारीक शिट्टी घातली की ती त्याची त्यालाही ऐकू आली नाही. भावकीतलं कुणी आलं नाही. अकरा कुत्री आली आणि अंगणात ओळीनं बसली.

शेवटी आईच जाऊन सगळ्यांना सांगून आली. मग तिनं गुणाजीला समोर बसवलं. मुलाचे वडील, केरबातात्या, थकलेत म्हणाली. म्हातारपणी बारीक आवाज आधी ऐकू येईनासा होतो, बायकापोरांचं बोलणं त्यांना उमगत नाही. त्यांच्याशी जाड आवाजात बोल.

"आणि इंदी घोरते हे तात्यांच्या कानावर जाता कामा नये," आई म्हणाली. "एवढं केलंस तरी पुष्कळ झालं बाबा."

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाला इंदी आवडली, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. इंदीलाही तो आवडला होता. तिनं चोरून दोनदा पाहिलं. सुपारी फोडायची तेवढी राहिली. तेवढ्यात तात्यांनी गुणाजीला विचारलं, मुलीत काही खोड आहे का, भाऊ म्हणून खरं सांगा.

गुणाजी पेचात पडला. खोटं तर बोलायचं नाही, आणि तात्यांना ऐकू जाता कामा नये. त्यानं नरडं आवळलं आणि बारीकात बारीक आवाज काढून किंचाळला, "घोरते! म्हैस बुजते!"

सगळ्या बैठकीच्या माना इंदीकडं वळल्या. एकटे तात्या इकडं तिकडं बघत राहिले आणि काय म्हणाला म्हणून विचारू लागले. गुणाजी आईकडं बघून हसला. काम फत्ते झालं होतं.

मुलाच्या मामाचा आवाज रेड्यासारखा. त्यानं तात्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. इंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. हेही स्थळ गेलं, असं आईनं धरलंच. तात्यांनी घसा खाकरला.

"जाड घोरते की बारीक?"

आईनं चिमूट दाखवली. एवढंसं, अगदी डासासारखं.

"मग माझी काय हरकत? बारीक मला ऐकूच येत नाही," तात्या म्हणाले आणि त्यांनी सुपारी हातात घेतली. सगळे हसले. इंदीनं पदरानं डोळे पुसले.

गुणाजीचा मात्र जीव कळवळला. बिचारा म्हातारा! घरात एवढी सून येणार, सगळे तिचं घोरणं ऐकणार, आणि हा एकटा तसाच राहणार. तो उठला, तात्यांच्या कानाशी वाकला आणि आईनं शिकवलं होतं तसा चांगला जाड आवाज काढून म्हणाला,

"तात्या, वाईट वाटून घेऊ नका. आई उगाच म्हणते. इंदी चांगली जाड घोरते. तुम्हाला रोज ऐकू येईल."