तणसातले आळू

“...पण आक्का, काहीतरी खावंसं वाटत असेल ना? नुसतं नाव घ्या, मी घेऊन येतो.”

सोनाक्का खाटेवर पडून होत्या. घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि आता अन्नावरची वासनाच उडाली होती. पेजेची वाटी आली तशी परत जायची.

विद्याधर, त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, उशाशी बसून होता. आक्कांनी डोळे उघडले.

“आळू,” त्या म्हणाल्या. “रानातलं फळ. काटेरी झाडाला लागतं ते. लहानपणी खायची मी. उद्या खाली बाजार आहे, तिथं येतील.”

“माहीत आहे मला.”

माहीत कसलं, डोंबल! शहरात वाढलेल्या या गड्यानं तो आळू जन्मात पाहिला नव्हता. विद्याधर प्रवचनाला उभा राहिला की माणसं माना डोलवायची, हे खरं. पण ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. प्रश्न विचारायचा, तोही आधीच उत्तर ठाऊक असलेला.

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

“कसा असतो, विचार की.”

“अहो आक्का, आळू काय मला सांगायला हवा?”

“...बरं. जा बाबा.”

घाटाखालचा आठवडी बाजार ऐन भरात होता. करवंदांचे द्रोण, जांभळांच्या पाट्या, फोडलेल्या फणसाचा वास. एका कोपऱ्यात गोणपाटावर दोन ढीग मांडून एक बाई ओरडत होती, “आळू घ्या, आळू!”

विद्याधर थांबला. एका ढिगातली फळं तपकिरी, लिबलिबीत, सालीला सुरकुत्या पडलेली. वर माश्या घोंगावत होत्या. दुसऱ्या ढिगातली हिरवीगार, टणक, तुकतुकीत.

बाई, यातला खायचा कुठला? शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात शेजारी भाजी घेणारे दोघे गावकरी वळले. “महाराज, तुम्ही इकडं?” म्हणत त्यांनी हात जोडले आणि तिथंच उभे राहिले. ओठांवरचं ओठांवरच राहिलं.

बाईनंच विचारलं.

“आळू कधी खाल्लाय का, म्हाराज?”

विद्याधर हसला. त्या दोघांकडेही एकदा बघून घेतलं.

“अहो, लहानपणापासून!”

“मंग तुमाला काय सांगायचं? घ्या तुमच्या हातानं.”

त्यानं तपकिरी फळं बोटांच्या टोकांनी बाजूला सारली. कुजकं गळ्यात मारायला बघते, असं मनात म्हणाला. हिरव्यातलं एकेक उचललं, उजेडात धरलं, चांगलं पारखून पिशवीत टाकलं.

बाई जरा बुचकळ्यात पडली. “ठिवायचे हायेत व्हय?”

“हो हो, ठेवायचेत.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

तो घाट चढून आला तेव्हा आक्का उठून बसल्या होत्या. पाठीला उशी लावून घेतली होती, चूळ भरून तोंड धुतलं होतं. इतक्या दिवसांत कुठल्या गोष्टीची वाट बघताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. विद्याधरला केवढा आनंद झाला!

“आणलास?”

“निवडून आणलेत, आक्का. कुजका एक सापडायचा नाही.”

त्यानं फळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. आक्कांनी ते अंगठ्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. नाकाशी नेलं. मग तो हात हळूच पांघरुणावर उतरला.

“तपकिरी नव्हते का रे?”

“होते की. पण ते सगळे सडलेले...”

आक्कांनी पांघरुणावरचं ते हिरवं फळ त्याच्याकडे सरकवलं.

“...सडलेलेच होते ना, आक्का?”

“पिकलेले होते.”

विद्याधर ताडकन उठला. “मी आत्ता जाऊन येतो!”

“बस खाली. बाजार उठला असेल.”

“मग यातलाच चिरून देतो. साखर लावून...”

“तुरट आहे रे. घशाखाली नाही उतरायचा.”

आक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. पाठीमागची उशी त्यांनी स्वतःच काढली आणि आडव्या झाल्या. ते बघून विद्याधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्या बाईनं तुला काही विचारलं नाही?”

“...विचारलं. कधी खाल्लाय का म्हणून.”

“मग?”

त्यानं मान खाली घातली.

“हो म्हणालो.”

बाहेर गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. आक्का छताकडे बघत होत्या.

“तणसात घाल त्यांना,” त्या म्हणाल्या. “पिकतील सावकाश.”

भाताचं तणस पाटीत पसरून त्यानं फळं त्यात पुरली आणि पाटी खाटेखाली सरकवली. रोज उजाडलं की तो पाटी ओढायचा, तणस बाजूला करायचा, फळ दाबायचा. टणक. दुसऱ्या दिवशीही टणक. आणि इकडे आक्का दिवसागणिक उतरत चाललेल्या. आता पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागत होतं. प्रवचनाला आलेल्या माणसांना त्यानं दारातूनच परत पाठवलं. बोलायला तोंड होतं कुठं?

फळाला घाई करता येत नव्हती, आक्कांना थांबवता येत नव्हतं. पाटीवर ओणवा होऊन तो एकटाच पुटपुटायचा, “पिका रे बाबांनो, पिका.”

एका सकाळी खाटेखालून गोडसर वास आला. त्यानं तणस उपसलं. आळू तपकिरी झाले होते. मऊ, सुरकुतलेले. बाजारात बोटांच्या टोकांनी सारले होते, हुबेहूब तसेच.

“आक्का! पिकले, आक्का!”

त्यानं घाईघाईनं एक सोलला, चिमूटभर गर आक्कांच्या ओठांवर ठेवला. ओठ हलले. जीभ पुढे आली. पण घोट काही उतरेना. रस ओठांच्या कडेनं ओघळून उशीवर पडला.

विद्याधरनं उपरण्यानं तो पुसला आणि त्याला रडू कोसळलं.

“माझ्यामुळं, आक्का... त्या दिवशी नुसतं तोंड उघडून विचारलं असतं तर... चुकलो हो मी.”

आक्कांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी त्याच्या हातातल्या फळाकडे बोट केलं, मग त्याच्याकडे.

“मी खाऊ?”

आक्कांनी डोळे मिटून उघडले.

त्यानं खाल्लं. डोळ्यांतलं पाणी तोंडात जात होतं, नाक वाहत होतं. गोड होता, थोडा आंबूस होता, आणि आणखी काहीतरी होतं, ज्याला त्याच्यापाशी शब्द नव्हता. खाऊन झाल्यावर बिया मुठीत धरून तो बसून राहिला.

“आक्का,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही लहानपणी खायचात तेव्हा असाच लागायचा? मला... मला काही ठाऊक नाही हो.”

आक्कांनी मान त्याच्याकडे वळवली.

“आज बाजार ना?” आवाज अगदी खोल गेला होता.

“हो.”

“जा मग.”

“आता काय आणू, आक्का? आणि तुम्हाला असं टाकून... मी परत येईपर्यंत तुम्ही...”

“काही आणू नकोस,” सोनाक्का म्हणाल्या. “त्या बाईनं तुला विचारलं होतं. तिला उत्तर देऊन ये.”