बोटावरचा चिमटा

"माणसं रस्त्यावर तडफडून मरतात, आणि शिकलेसवरलेले हात इथे रबरी बाहुल्याची छाती दाबत बसतात! हे पाप कुणाच्या माथी?"

उदयनने हे कुणाला उद्देशून म्हटलं, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. समोर नुसतं धुकं होतं.

घाटमाथ्यावरचं ते प्रशिक्षण केंद्र रोज सकाळी असं ढगात बुडालेलं असायचं. अंगण नाहीसं व्हायचं, फाटक नाहीसं व्हायचं. पांढरी रुग्णवाहिका तर विरघळूनच जायची; तिच्या टपावरचा दिवा तेवढा अधांतरी तरंगत राहायचा.

धुक्यात कुणीतरी खाकरलं. मग लोबोसर दिसू लागले. आधी पांढरी दाढी, मग माणूस. उमेदीची सारी वर्षं लष्करात जखमींना उचलण्यात गेली होती. आता ते इथे पोरांना शिकवत.

"मला विचारतोस?"

"कुणालाच नाही, सर."

"मग उत्तर कुणी द्यायचं?"

गप्प राहणं उदयनच्या पिंडातच नव्हतं. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून, घरच्यांशी भांडून तो इथे आला होता. मानेला पट्टा बांधणं असो, श्वास मोकळा करणं असो, की सुई टोचणं, वर्गात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अडलेली पोरं त्याच्याकडेच धाव घेत. आणि तीच पोरं एकेक करून गाडीवर गेली, खऱ्या रुग्णांकडे. हा मात्र बाहुल्यापाशीच.

गाडीवरच्या शेवटच्या जागेसाठी आज नाव ठरायचं होतं. ती हुकली, की आणखी एक अख्खं सत्र त्या बाहुल्याशी संसार.

"सर, माझं चुकतं काय, ते तरी सांगा."

"काहीच चुकत नाही."

"मग?"

"तेच तर..."

उदयनच्या कपाळाची शीर ताठ झाली. "कोड्यात बोलू नका, सर. मला गाडीवर जायचंय."

"जा की. आत्ता जा."

उदयन हरखून गाडीकडे धावला. मागचं दार उघडंच होतं. लोबोसरांनी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं.

"झोप."

"...सर?"

"मुनीराचा सराव राहिलाय. तिला रुग्ण हवाय."

मुनीरा त्याच्याच वर्गातली. त्याच्याकडूनच सगळं घोटून घेतलेली. ती हसू दाबत पुढे आली.

"काय पेशंट, कुठं लागलंय?"

"मानाला."

"मानेला पट्टा आहे. मानाला काही नाही आपल्याकडे."

तिने त्याच्या मानेला पट्टा चढवला, छातीवर आणि पायांवर बंद आवळले.

"अगं, खालचा बंद आधी..."

"गप रे! जखमी माणसं सूचना देत नाहीत."

लोबोसर पुढे चालक गवसकाकांशेजारी जाऊन बसले. गाडी हलली.

मान वळेना. उदयनला छत दिसत होतं, आणि छताला सलाइनचा रिकामा आकडा. तो डुलत होता. खिडकीच्या वरच्या कडेला धुकंच धुकं; मधूनच एखादी फांदी त्यातून माशासारखी वर येई आणि पुन्हा बुडून जाई. गाडी चढतेय की उतरतेय, कळेना. डोक्यापलीकडे कुठेतरी मुनीरा आणि गवसकाका वळणावरच्या टपरीतल्या भज्यांबद्दल बोलत होते. दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललेलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं, तसं.

मग सायरन लागला.

तो आवाज उदयनला लहानपणापासून आवडायचा. रस्त्यावर उभं राहून ऐकताना वाटायचं, तो जगाला बाजूला सारतोय. आज आडवं पडून ऐकताना वाटलं, कुणीतरी रडतंय. आपल्यासाठीच रडतंय.

आपल्याला काही झालेलं नाही, हे तो पक्कं जाणून होता. तरीही त्याने स्ट्रेचरची कड घट्ट पकडली. वळणं असतील... बंद आवळले असतील... धुकं काचेतून आत झिरपतंय आणि आपण हळूहळू त्यात पुसले जातोय, असं काहीतरी वाटलं. हाक मारावी, तर कुणाला?

त्याचा हात आपोआप वर उठला. हवेत तसाच थांबला.

मुनीराने तो पाहिला. भज्यांचं बोलणं तोडून ती चपळाईने वाकली, हात पकडला... आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"अठ्ठ्याण्णव. झकास!"

हात खाली आला.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. "रुग्णाने हात उचलला की संधी सोडायची नाही. बोट धरायचं, चिमटा लावायचा. वेळ वाचतो." ही युक्ती साऱ्या वर्गाला उदयननेच शिकवली होती. शाबासकीही मिळाली होती.

गाडी थांबली. मागचं दार उघडलं. धुक्याच्या लोटात लोबोसर उभे होते.

"रुग्ण कसा आहे?"

"उत्तम, सर," मुनीरा म्हणाली. "नाडी नियमित, रक्तदाब ठीक, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव."

लोबोसर उदयनकडे वळले.

"रुग्ण कसा आहे?"

उदयनने डोळे मिटले. डोळ्याच्या कडेतून एक थेंब ओघळून कानात गेला.

"सर... गाडीत मी एकटाच होतो."

"आणि मी काय भूत होते होय रे?" मुनीरा म्हणाली.

कुणी हसलं नाही.

लोबोसरांनी स्वतः वाकून त्याच्या छातीवरचा बंद सैल केला.

"गाडीवरची जागा तुझी. पुढची फेरी तुझी."

"पण सर, आज तर मी काहीच केलं नाही."

"हो."

एवढंच बोलून ते धुक्यात चालू लागले.

मुनीराने चिमटा काढायला उदयनचं बोट धरलं. आकडा अजून लाल लुकलुकत होता, तोच. तिची नजर आकड्यावरून सरकत त्याच्या ओल्या कानाशी आली आणि तिथेच अडकली. चिमटा काढायचा राहूनच गेला.

एकाएकी तिने दाराबाहेर डोकं काढलं.

"सर, थांबा! पुढच्या फेरीआधी मलाही या स्ट्रेचरवर झोपवा..."